राणीखेतचा विषाणू किती मारक? जनुकांचा अहवाल पायरीपायरीने असा वाचा

शेडमध्ये मर लागते. कोंबड्या तोंड उघडून श्वास घेतात, हिरवट पातळ हगवण लागते, काहींची मान वाकडी होते. शवविच्छेदनात ग्रंथिल जठराच्या आतल्या बाजूला रक्ताचे ठिपके दिसतात. नमुने प्रयोगशाळेत जातात आणि मोबाइलवर एका ओळीचा अहवाल येतो: ‘एनडीव्ही पॉझिटिव्ह’, म्हणजे राणीखेतचा विषाणू सापडला. मालक म्हणतो, लस फेल गेली. लस विकणारा म्हणतो, नवीन स्ट्रेन आला असेल. डॉक्टरांना दोघांनाही उत्तर द्यायचं असतं, आणि त्या एका ओळीत ते उत्तर नसतं.

कारण साधं आहे. आपण पिल्लांच्या डोळ्यात थेंब टाकून देतो ती लासोटा लससुद्धा राणीखेतचाच जिवंत विषाणू आहे. आठवड्यापूर्वी पाण्यातून लासोटा दिलेल्या, ठणठणीत कोंबडीचा स्वॅब घेतला तरी अहवाल पॉझिटिव्ह येऊ शकतो. एकच विषाणू, पण एक पक्ष्याला वाचवतो आणि दुसरा चार दिवसांत शेड रिकामी करतो. हा फरक त्याच्या जनुकांत लिहिलेला असतो. त्यातला सर्वांत मोठा भाग एका जनुकावरून बनणाऱ्या प्रथिनातल्या सहा अमिनो आम्लांत, म्हणजे प्रथिनाच्या सहा मण्यांत, सापडतो, पण तेवढ्यावरच निकाल दिला तर आपल्याकडच्या परिस्थितीत हमखास घोटाळा होतो. तो कसा टाळायचा, यासाठी हा लेख आहे. क्षेत्रात काम करणारे पशुवैद्यक, पदव्युत्तर विद्यार्थी आणि स्वतः अहवाल वाचू इच्छिणारे पोल्ट्रीधारक, अशा तिघांना समोर ठेवून लिहिला आहे.

आधी विषाणूची ओळख

१९२६ च्या सुमाराला जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहरात कोंबड्यांचा हा रोग नोंदला गेला. पाठोपाठ कुमाऊंच्या डोंगरातल्या राणीखेतला तो आढळला आणि भारतात त्याला तेच नाव चिकटलं. आपल्याकडे बरेच जण मानमोडी म्हणतात. अहवालांत मात्र न्यूकॅसल डिसीज व्हायरस, एनडीव्ही, एपीएमव्ही-१, ऑर्थोअ‍ॅव्ह्युलाव्हायरस जावेन्स अशी वेगवेगळी नावं दिसतील. ही सगळी एकाच विषाणूची नावं आहेत, त्यामुळे दोन अहवालांत दोन नावं आली म्हणून गोंधळून जाऊ नका.

या विषाणूचा जनुकसंच म्हणजे आरएनएचा एकच धागा, सुमारे पंधरा हजार अक्षरांचा. त्याच्या तीन लांब्या माहीत आहेत: १५,१८६, १५,१९२ आणि १५,१९८. या तिन्ही संख्यांना सहाने पूर्ण भाग जातो. हा विषाणू सहाच्या पटीतच नीट वाढतो, म्हणून कुणी पूर्ण जनुकसंचाचा क्रम दिला तर आधी लांबीला सहाने भागून पाहा. बाकी उरली तर क्रम जुळवताना कुठेतरी चूक झाली असण्याची शक्यता मोठी.

धाग्यावर सहा जनुकं ओळीने बसलेली असतात: एनपी, पी, एम, एफ, एचएन आणि एल. एनपी आरएनएला गुंडाळून ठेवतं. पी आणि एल मिळून आरएनएच्या प्रती काढतात. एम विषाणूकणाची आतली चौकट बांधतं. एचएन पेशीला चिकटतं आणि एफ विषाणूचं आवरण पेशीच्या आवरणात विरघळवून आत शिरायची वाट करून देतं. मारकतेचा विचार करताना आपलं लक्ष सर्वांत आधी एफवर जातं.

एफ जनुक: निकाल इथे का लागतो

एफ प्रथिन ५५३ अमिनो आम्लांचं असतं. ते तयार होतं तेव्हा अख्खं आणि निष्क्रिय असतं. ११६ आणि ११७ या स्थानांच्या मध्ये ते कापलं गेलं तरच विषाणूला पेशीत शिरता येतं. हा काप विषाणू स्वतः घेऊ शकत नाही, त्यासाठी त्याला कोंबडीच्या शरीरातली विकरं, म्हणजे एन्झाइम, वापरावी लागतात. कोणतं विकर हा काप घेऊ शकेल, हे कापाच्या जागेच्या आजूबाजूला कोणती अमिनो आम्लं बसली आहेत त्यावर ठरतं. अहवालात या जागेला क्लीव्हेज साइट म्हणतात.

सौम्य विषाणूत या जागी अल्कधर्मी अमिनो आम्लं, म्हणजे आर्जिनिन आणि लायसिन, सुटी सुटी असतात. अशी जागा ट्रिप्सिनसारखी विकरंच कापू शकतात, आणि ती मुख्यतः श्वासनलिका आणि आतड्याच्या अस्तरात मिळतात. त्यामुळे असा विषाणू तिथेच वाढतो, प्रतिकारशक्तीला जागं करतो आणि बाकी शरीरात फारसा पसरत नाही. लासोटाचं लस म्हणून यश यातच आहे. मारक विषाणूत याच जागी अल्कधर्मी अमिनो आम्लांची गर्दी असते आणि ती फ्युरिन नावाच्या विकराला चालते. फ्युरिन जवळजवळ प्रत्येक पेशीत असतं. मग मेंदू, प्लीहा, हृदय, जठर, विषाणू जाईल तिथे कापला जातो आणि वाढतो.

हे नुसतं अनुमान नाही. १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी लासोटाचा विषाणू त्याच्या जनुकसंचाच्या प्रतीपासून प्रयोगशाळेत पुन्हा उभा केला आणि फक्त क्लीव्हेज साइट मारक विषाणूसारखी केली. त्याचा मारकता निर्देशांक ०.०० वरून १.२८ वर गेला. हा निर्देशांक कसा काढतात ते पुढे येईल. आत्ता एवढंच ध्यानात ठेवा की त्याची कमाल मर्यादा २ आहे. म्हणजे या एका जागेने विषाणूला सौम्य गटातून उचलून मारक गटात नेलं, पण सर्वांत घातक विषाणूंच्या पंक्तीला बसवलं नाही. उरलेलं काम दुसरी जनुकं करतात, आणि त्यांच्याकडे आपण नंतर येणार आहोत.

निसर्गातही हे घडलेलं आहे. ऑस्ट्रेलियात १९९८ पासून २००० पर्यंत न्यू साउथ वेल्समध्ये जे उद्रेक झाले, त्यांतला विषाणू बाहेरून आलेला नव्हता. तिथल्याच कोंबड्यांत फिरणाऱ्या सौम्य विषाणूच्या क्लीव्हेज साइटमध्ये बदल होऊन तो तयार झाला होता.

पायरी १: नमुना घेण्याआधी बर्ड फ्लू बाजूला काढा

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला मोठी मर झाली तेव्हा ही राणीखेतच आहे असं म्हणणारे पुष्कळ होते. भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेच्या तपासणीत तो एच५एन१ निघाला, आणि देशातल्या कोंबड्यांमधली ती बर्ड फ्लूची पहिली नोंद ठरली. बाहेरच्या लक्षणांवरून आणि शवविच्छेदनावरून हे दोन रोग खात्रीने वेगळे करता येत नाहीत. म्हणून अचानक आणि मोठ्या प्रमाणात मर असेल तर पक्षी शेडवर फाडत बसू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा आणि नमुन्यावर दोन्ही रोगांच्या तपासणीची मागणी लिहा. राणीखेत हा २००९ च्या केंद्रीय कायद्याखाली कळवण्याजोगा रोग आहे, त्यामुळे कळवणं तसंही बंधनकारकच आहे.

हाताळणाऱ्यांनी मास्क, हातमोजे आणि चष्मा घालावा. राणीखेतच्या विषाणूने माणसाचे डोळे येतात. लस फवारणाऱ्यांना आणि प्रयोगशाळेतल्या लोकांना हा अनुभव नवा नाही. दोन-चार दिवसांत बरं वाटतं, पण चष्मा घातलेला केव्हाही बरा.

पायरी २: नमुना आणि त्याच्यासोबतची चिठ्ठी

जिवंत आजारी पक्ष्यांच्या घशाचे आणि गुदद्वाराचे स्वॅब घ्या. नुकत्याच मेलेल्या पक्ष्यांचा मेंदू, फुफ्फुस, प्लीहा, ग्रंथिल जठर आणि आतड्यातल्या सीकल टॉन्सिलचे तुकडे वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. मेंदू विसरू नका. सौम्य लसीचा विषाणू श्वासनलिकेत सापडणं स्वाभाविक आहे, पण मेंदूत विषाणू सापडला तर त्याला वेगळं वजन असतं. आतड्याचा तुकडा बाकी अवयवांत मिसळू नका, त्यातल्या जिवाणूंनी सगळा नमुना खराब होतो.

विषाणू वाढवायचा असेल तर नमुना फॉर्मॅलिनमध्ये टाकू नका. विषाणू वाहतूक माध्यमात, बर्फाच्या डब्यात, त्याच दिवशी रवाना करा. उन्हाळ्यात एसटीच्या डिकीत डबा ठेवला आणि बर्फ वितळला की नमुना गेलाच म्हणून समजा. फक्त जनुकक्रम हवा असेल आणि अंतर लांब असेल तर एफटीए कार्डवर ठसा घेऊन पाठवता येतो. त्यावर विषाणू निष्क्रिय होतो, पण आरएनए वाचता येण्याइतपत टिकतो. पुण्यात औंधला राज्याच्या पशुसंवर्धन विभागाचा रोग अन्वेषण विभाग आहे. कुठल्या तपासणीसाठी नमुना कुठे आणि कसा पाठवायचा, हे निघण्याआधी तिथे फोनवर विचारून घ्यावं.

आता चिठ्ठी. पुढच्या सगळ्या वाचनाचा अर्थ या चिठ्ठीवर टेकलेला असल्यामुळे ती नमुन्याइतकीच महत्त्वाची मानतो. पक्ष्यांचं वय, लेअर की ब्रॉयलर की गावरान, मर कधी सुरू झाली आणि रोज किती, हे तर लिहाच. पण त्याहून नेमकेपणाने लिहा ते लसीकरण: कुठल्या स्ट्रेनची लस, कोणत्या तारखेला, डोळ्यातून, पाण्यातून की टोचून. ‘राणीखेतची लस दिली आहे’ एवढं लिहिलेली चिठ्ठी निरुपयोगी ठरते, कारण लासोटा, एफ-१ आणि आर२बी या लसींतल्या विषाणूंची जनुकं वेगळी आहेत आणि अहवालातल्या अक्षरांचा अर्थ त्यानुसार बदलतो. आवारात कबुतरं येत असतील तर तेही लिहा.

पायरी ३: पीसीआरच्या अहवालात काय नसतं

पीसीआर म्हणजे जनुकाच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढून तो नमुन्यात आहे का हे पाहणारी चाचणी. बहुतेक ठिकाणी आधी एम जनुकावरची पीसीआर करतात. एम फारसं बदलत नाही, त्यामुळे बऱ्याच प्रकारचे विषाणू या एका चाचणीत पकडले जातात. पण नेमकं त्याच कारणाने ती लस आणि रोगाचा विषाणू यांत भेद करत नाही. पॉझिटिव्हचा अर्थ एवढाच, की राणीखेत गटातला कुठला तरी विषाणू आहे.

सीटीचा आकडा, म्हणजे प्रती काढण्याच्या कितव्या फेरीत विषाणू दिसला तो आकडा, पाहून मारकता ठरवणारे अनेक जण भेटतात. सीटी कमी म्हणजे नमुन्यात विषाणूचं आरएनए जास्त, बस. ताज्या लासोटाचाही सीटी कमी येऊ शकतो आणि उशिरा घेतलेल्या नमुन्यात मारक विषाणूचा सीटी जास्त येऊ शकतो.

एफ जनुकावरची पीसीआर मारक विषाणू ओळखण्यासाठी बेतलेली असते. ती पॉझिटिव्ह आली तर पुढचं काम सोपं होतं. निगेटिव्ह आली तर मात्र लगेच सुटकेचा श्वास टाकू नका. त्या चाचणीचा प्रोब, म्हणजे जनुकाचा ठरावीक क्रम ओळखून त्याला चिकटणारा छोटा तुकडा, क्लीव्हेज साइटच्या क्रमावर बसतो आणि क्षेत्रातल्या विषाणूत एखाद-दुसरं अक्षर बदललेलं असलं तरी तो चिकटत नाही. लक्षणं आणि एम जनुकाचा निकाल एका बाजूला आणि एफचा निगेटिव्ह दुसऱ्या बाजूला असेल, तर क्रमवाचन म्हणजे सिक्वेन्सिंग करून घ्या.

पायरी ४: सहा अमिनो आम्लं वाचणं

प्रयोगशाळेकडून एफ जनुकाचा क्रम मागवताना क्लीव्हेज साइटचा तुकडा तर हवाच, पण शक्य असेल तर पूर्ण जनुक मागा. त्याची कारणं पुढे कळतील. पूर्ण एफ जनुकाचा प्रथिन बनवणारा भाग १,६६२ अक्षरांचा असतो. सुरुवातीच्या एटीजीमधल्या एला पहिलं अक्षर धरून मोजलं, तर आपल्याला हवी ती जागा ३३४ ते ३५१ या अठरा अक्षरांत येते. अठरा अक्षरं म्हणजे तीन-तीनचे सहा गट, म्हणजे सहा अमिनो आम्लं, स्थान ११२ ते ११७.

लासोटाची सहा अमिनो आम्लं अशी आहेत: जी-आर-क्यू-जी-आर-एल. आरएनएच्या भाषेत नव्हे तर अहवालात छापतात त्या डीएनएच्या अक्षरांत हे जीजीजी, एजीए, सीएजी, जीजीजी, सीजीसी, सीटीटी असं दिसेल. जी म्हणजे ग्लायसिन, आर म्हणजे आर्जिनिन, क्यू म्हणजे ग्लुटामिन, एल म्हणजे ल्युसिन. मारक विषाणूत बहुतेक वेळा आर-आर-क्यू-के-आर-एफ किंवा आर-आर-क्यू-आर-आर-एफ असतं. इथला के म्हणजे लायसिन आणि शेवटचा एफ म्हणजे फेनिलअलॅनिन. तो एफ जनुकाच्या नावातला एफ नव्हे.

जागतिक पशुआरोग्य संघटनेचा निकष दोन भागांचा आहे आणि दोन्ही भाग पुरे व्हावे लागतात. स्थान ११३ ते ११६ या चार जागांत निदान तीन आर्जिनिन किंवा लायसिन हवेत, आणि स्थान ११७ वर फेनिलअलॅनिन हवं.

आता बोट ठेवून मोजा. आर-आर-क्यू-के-आर-एफ या क्रमात पहिला आर स्थान ११२ चा, तो मोजायचा नाही. ११३ वर आर, ११४ वर क्यू, ११५ वर के, ११६ वर आर. तीन झाले. ११७ वर एफ आहे. निकष पूर्ण, विषाणू मारक. आता लासोटा: ११३ वर आर, ११४ वर क्यू, ११५ वर जी, ११६ वर आर. दोनच झाले आणि ११७ वर एल. निकष पूर्ण होत नाही.

चूक होते ती मधल्या क्रमात. ऑस्ट्रेलियातल्या उद्रेकाच्या मुळाशी असलेल्या सौम्य विषाणूत आर-आर-क्यू-जी-आर-एल असा क्रम होता. वरवर पाहिलं तर तीन आर दिसतात आणि घाईत कुणीही मारक म्हणून मोकळं होईल. पण त्यातला एक ११२ चा. मोजायच्या चार जागांत दोनच उरतात आणि शेवटी एल आहे. तो सौम्यच होता. मारक झाला तेव्हा ११५ वरच्या जीचा आर झाला आणि ११७ वरच्या एलचा एफ झाला. दोन अमिनो आम्लांचे हे बदल व्हायला जनुकात दोन अक्षरं बदलली तरी पुरतात. म्हणून ‘सौम्य’ असा अहवाल आला तरी ११२ ते ११७ चा क्रम वहीत लिहून ठेवा. पुढच्या लॉटमध्ये तो सरकला आहे का, हे बघायला उपयोगी पडतो.

आलेख मागवायला विसरू नका. क्रमवाचनाच्या यंत्रातून रंगीत शिखरांचा आलेख निघतो आणि सॉफ्टवेअर त्यातलं उंच शिखर धरून अक्षर छापतं. लस दिलेल्या कळपात मारक विषाणू शिरला की नमुन्यात दोन्ही विषाणू असतात. अशा वेळी ११५ च्या तीन अक्षरांवर आणि ११७ च्या पहिल्या अक्षरावर एकाखाली एक दोन शिखरं दिसतात, वरचं लसीचं आणि खालचं रोगाचं. छापील क्रमात फक्त लस दिसते आणि अहवाल ‘लसीचा विषाणू’ असा येतो. मर चालू आणि अहवाल लसीचा, असं झालं की मी सर्वांत आधी हा आलेख उघडतो. दुहेरी शिखरं असतील तर मेंदू आणि प्लीहेच्या नमुन्यावरून पुन्हा क्रम काढायला सांगा, तिथे लसीच्या विषाणूचा अडथळा कमी असतो.

पायरी ५: पिल्लांवरचा निर्देशांक

क्लीव्हेज साइट मारक निघाली तर अधिकृत निदानासाठी तेवढं पुरतं. निघाली नाही तर विषाणू सौम्य आहे असं जाहीर करण्याआधी तो जिवंत वेगळा करून एका दिवसाच्या पिल्लांवर तपासावा लागतो. ही चाचणी जैवसुरक्षेची सोय असलेल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच होते. आपल्याला तिचा आकडा वाचता आला पाहिजे.

रोगमुक्त कळपातली दहा पिल्लं घेऊन त्यांच्या मेंदूत विषाणू टोचतात आणि आठ दिवस रोज एकदा पाहतात. पिल्लू ठीक असेल तर ०, आजारी असेल तर १, मेलं असेल तर २. मेलेल्या पिल्लाला उरलेल्या प्रत्येक दिवशी २ गुण चालूच राहतात. दहा पिल्लं आणि आठ दिवस म्हणजे ८० नोंदी. समजा, आजारी असल्याच्या १२ नोंदी झाल्या आणि मेल्याच्या ५०. मग १२ अधिक १००, एकूण ११२, भागिले ८०, म्हणजे १.४. हा निर्देशांक ०.७ किंवा त्याहून जास्त आला की विषाणू मारक धरतात. लासोटासारख्यांचा शून्याच्या आसपास असतो, सर्वांत घातक विषाणूंचा २ च्या जवळ जातो.

जुन्या अहवालांत अंड्यातल्या भ्रूणावरची चाचणीही दिसते. भ्रूण मरायला सरासरी ६० तासांहून कमी लागले तर वेलोजेनिक म्हणजे तीव्र, ६० ते ९० तास लागले तर मेसोजेनिक म्हणजे मध्यम, ९० हून जास्त लागले तर लेंटोजेनिक म्हणजे सौम्य. ढोबळ अंदाजाला ती बरी, पण निर्णय तिच्यावर सोडू नये.

पायरी ६: क्लीव्हेज साइट मारक, पण पक्षी मरत नाहीत

कबुतरांत फिरणाऱ्या राणीखेतच्या विषाणूंनी अभ्यासकांना इथे चांगलंच कोड्यात टाकलं होतं. त्यांतल्या काहींची क्लीव्हेज साइट पक्की मारक, पण कोंबडीच्या पिल्लांवरचा निर्देशांक जवळजवळ शून्य. एफ प्रथिन व्यवस्थित कापलं जात होतं, तरी कोंबडीत विषाणूची वाढ मंद होती. याचं उत्तर प्रती काढणाऱ्या जनुकांत, विशेषतः पी आणि एलमध्ये सापडलं. एखाद्या पक्ष्याच्या पेशीत प्रती झपाट्याने निघत नसतील तर आत शिरण्याचा परवाना असूनही विषाणूचं फार काही चालत नाही. म्हणून कबुतरांचा वावर असलेल्या ठिकाणी क्लीव्हेज साइट मारक आली, तरी लक्षणं जुळत नसतील तर एफच्या पूर्ण क्रमावरून तो कबुतरांच्या गटातला आहे का ते पाहा. तो तसा असला तरी त्याला हलक्यात घेऊ नका आणि कबुतरांना जाळ्या लावून खाद्यापासून लांब ठेवा.

एचएन जनुकाचा वाटा थोडा वेगळा आहे. सौम्य आणि मारक विषाणूंचे एचएन अदलाबदल करून पाहिले तेव्हा विषाणू शरीरात कुठे पसरतो आणि किती मारतो, या दोन्ही गोष्टी बदलल्या. एचएनची लांबीही विषाणूगणिक वेगळी असते. काही अगदी सौम्य विषाणूंत ते ६१६ अमिनो आम्लांचं असतं आणि त्याचंही शेपूट आधी कापलं जावं लागतं, तर लासोटात ते ५७७ चं आहे. तरी नुसत्या लांबीवरून मारकता सांगता येत नाही, ती पूरक माहिती म्हणूनच वाचावी.

पी जनुकाची करामत मला सर्वांत विलक्षण वाटते. पीचा संदेश लिहिताना विषाणू एका ठरावीक जागी कधी एक, कधी दोन जी अक्षरं जादा घालतो. त्यामुळे पुढचं वाचन सरकतं आणि त्याच जनुकातून व्ही आणि डब्ल्यू ही आणखी दोन प्रथिनं निघतात. व्ही प्रथिन कोंबडीच्या इंटरफेरॉन यंत्रणेवर घाला घालतं. विषाणूची चाहूल लागल्यावर पेशी शेजारच्या पेशींना सावध करते, तो इशारा पुढे पोचवणारं एसटीएटी१ नावाचं प्रथिन व्ही नष्ट करवतं. प्रयोगशाळेत व्ही बनवू न शकणारे विषाणू तयार केले तेव्हा ते बरेच दुबळे निघाले. क्षेत्रातल्या अहवालात व्हीचा उल्लेख क्वचितच येतो, पण एकसारखी क्लीव्हेज साइट असलेले दोन विषाणू वेगवेगळ्या तीव्रतेने का मारतात, या प्रश्नाचं उत्तर एचएन, एल आणि व्ही यांच्या आसपास शोधावं लागतं.

पायरी ७: आर२बीचा पेच

आपल्याकडे सर्वांत जास्त गोंधळ होतो तो इथे, आणि बाहेरच्या देशांत लिहिलेली मार्गदर्शकं इथे कामाला येत नाहीत.

गावरान कोंबड्यांना आणि लेअरच्या तलंगांना आठ आठवड्यांच्या पुढे आपण आर२बी टोचतो. ही लस मुक्तेश्वर स्ट्रेनची, मेसोजेनिक. लासोटापेक्षा जास्त जोमाची प्रतिकारशक्ती देते, मात्र कोवळ्या पिल्लांना ती झेपत नाही म्हणून त्यांना देत नाहीत. पण तिची क्लीव्हेज साइट मारक विषाणूंसारखीच आहे. अशा मेसोजेनिक लसविषाणूंचा पिल्लांवरचा निर्देशांकही १.४ च्या आसपास असतो, म्हणजे ०.७ च्या दुप्पट. याचा अर्थ, दहा दिवसांपूर्वी आर२बी टोचलेल्या पक्ष्यांत ‘मारक विषाणू सापडला’ हा अहवाल शंभर टक्के खरा असूनही तो लसीचाच असू शकतो. क्लीव्हेज साइट इथे निकाल देऊ शकत नाही.

तो निकाल जनुकगट, म्हणजे जीनोटाइप देतो. पूर्ण एफ जनुकाचा क्रम जगातल्या नोंदवलेल्या क्रमांशी ताडून विषाणू कोणत्या कुळातला हे ठरवतात. लासोटा आणि बी-१ हे सौम्य लसविषाणू दुसऱ्या गटातले, आर२बी तिसऱ्या गटातली. भारतात रोग करणारे जे मारक विषाणू आढळतात ते प्रामुख्याने तेराव्या गटातले आहेत, सातव्या गटातलेही सापडले आहेत. म्हणजे आर२बी दिलेल्या कळपात गट तिसरा आला तर लसीचा विषाणू, तेरावा किंवा सातवा आला तर बाहेरून आलेला. पायरी ४ मध्ये पूर्ण एफ जनुक मागा म्हटलं ते यासाठी. क्लीव्हेज साइटच्या छोट्या तुकड्यावरून गटाचा अंदाज बांधता येतो, पण पैज लावू नये.

चिठ्ठीवर लसीचं नाव नसेल तर ही सगळी मेहनत अर्धवट राहते.

पायरी ८: शेडवर याचा उपयोग

‘गट वेगळा, म्हणजे आमची लस निकामी’ हा निष्कर्ष सगळ्यांना सर्वांत आधी सुचतो. तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. राणीखेतचे सगळे गट एकाच सीरोटाइपमधले आहेत, म्हणजे एका गटाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, दुसऱ्या गटालाही ओळखतात. लासोटा किंवा आर२बी नीट दिली गेली असेल, तर ती तेराव्या गटाच्या विषाणूपासूनही पक्षी मरू देत नाही. गटात अंतर असल्याचा परिणाम दुसरीकडे दिसतो. लस घेतलेला पक्षी मरत नाही, पण विषाणू बाहेर टाकत राहू शकतो, आणि लेअरमध्ये अंडी घटू शकतात. म्हणून लस दिलेल्या कळपात मोठी मर झाली, तर विषाणूच्या गटावर बोट दाखवण्याआधी लस पोटात आणि रक्तात पोचली का ते तपासा. क्लोरीन घातलेलं पाणी, दुपारच्या उन्हात दिलेली लस, फ्रीज बंद पडलेला, निपलच्या लाइनच्या टोकाला लस पोचलीच नाही, अशी कारणं जनुकांपेक्षा कितीतरी जास्त वेळा सापडतात. रक्तातल्या या प्रतिपिंडांचं प्रमाण, म्हणजे टायटर, मोजणारी एचआय चाचणी हे लगेच सांगते. लसीनंतर दोन-तीन आठवड्यांनी कळपातल्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतले पक्षी घेऊन टायटर पाहा. सगळ्यांचे चांगले आणि एकसारखे असतील तर लस पोचली. काहींचे चांगले आणि काहींचे जवळजवळ शून्य असतील तर दोष देण्यात आहे.

एकत्र वाचायचं ते असं. क्लीव्हेज साइट सौम्य, क्रम दिलेल्या लसीशी जुळतो, आलेखात दुहेरी शिखरं नाहीत: मर दुसऱ्या कशाने आहे, आयबी किंवा गंबोरो हे विषाणूजन्य रोग, ई. कोलाय हा जिवाणू, विषारी खाद्य, तिकडे शोध वळवा. क्लीव्हेज साइट मारक, गट तिसरा आणि आर२बी नुकतीच दिलेली: लसीचा विषाणू असण्याची शक्यता जास्त, पण पक्षी कमी वयाचे किंवा आधीच आजारी असताना टोचले का ते विचारा, कारण तेव्हा आर२बीनेच त्रास होतो. क्लीव्हेज साइट मारक आणि गट तेरावा किंवा सातवा: खरा उद्रेक. पक्ष्यांची, अंड्यांची, खताची आणि पोत्यांची ये-जा त्याच दिवशी थांबवा, मेलेले पक्षी चुना टाकून खोल पुरा, खताच्या गाड्या आणि पक्षी उचलणाऱ्यांचे क्रेट यांच्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्या, आणि शेजारच्या निरोगी शेडला लसीचा बूस्टर द्यायचा का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. आजारी शेडवर घाईघाईने जिवंत लस टाकू नका. ती देताना माणसं एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात विषाणू नेतात आणि पुढचे नमुने वाचायला अवघड होतात.

शेवटचं काम नोंदीचं. प्रत्येक उद्रेकाची तारीख, लसींची नावं आणि बॅच, एचआयचे टायटर, ११२ ते ११७ चा क्रम, जनुकगट आणि क्रमाची मूळ फाइल आलेखासकट एका ठिकाणी ठेवा. प्रयोगशाळेला तो क्रम सार्वजनिक जनुककोशात जमा करायची विनंती करा. महाराष्ट्रातले क्रम तिथे जितके जास्त असतील, तितका पुढच्या शेडवरचा विषाणू कुठल्या कुळातला हे लवकर आणि खात्रीने सांगता येईल.